फील्ड टेस्टचा तो एक रिपोर्ट

काचबिंदूचं निदान, ड्रॉप, ओसीटी (डोळ्याच्या नसेचा थर मोजणारं स्कॅन) सगळं सुरळीत झालं. अडकलो ते फील्ड टेस्टपाशी, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ते मशीनवर ठिपके दाखवून तपासतात तिथे, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

जानेवारीत उजव्या डोळ्याचा एमडी (नॉर्मलपेक्षा सरासरी किती कमी दिसतं तो आकडा; उणे जितका जास्त तितकं वाईट) उणे ४.२ डेसिबल होता, जूनमध्ये उणे ९.१. रिपोर्ट हातात देताना काउंटरवर म्हणाले, "खूप वाढलंय, ऑपरेशनचं विचारून घ्या." डॉक्टरांची वेळ मात्र अकरा दिवसांनी. ते अकरा दिवस मी अंधार पडल्यावर स्कूटर काढली नाही. बँकेचे पासवर्ड बायकोला लिहून दिले.

जूनच्या त्या टेस्टच्या दिवशी दोन तास बसवून दुपारी दीडला आत घेतलं, तेही उपाशीपोटी. "लाइट दिसला की बटण दाबा," एवढं सांगून टेक्निशियन दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. बराच वेळ काहीच दिसेना. घाबरून मी ठिपके शोधत नजर फिरवू लागलो, अंदाजाने बटण दाबू लागलो. मशीन ठिपका मुद्दाम मंद करत जातं, जेमतेम दिसेल इतका. चांगल्या डोळ्यालाही जवळपास निम्मे ठिपके दिसत नाहीत. हे एक वाक्य आधी सांगायला किती वेळ लागतो?

डॉक्टरांनी रिपोर्टच्या वरच्या भागावर बोट ठेवलं: फिक्सेशन लॉस १५ पैकी ७. प्रत्येक डोळ्यात एक आंधळा बिंदू असतो, तिथे मुळातच काही दिसत नाही; त्यावर मशीन अधूनमधून ठिपका टाकतं; तो दिसला म्हणजे नजर हलली. वीस टक्क्यांच्या वर गेलं की मशीन तिथे खूण करतं. ती खूण माझ्या रिपोर्टवर होती, काउंटरवर कुणी पाहिलीच नाही. शिवाय नस जिथे आधीच दुखावलेली असते, तिथले आकडे दर वेळी जास्त खालीवर होतात, म्हणून एका रिपोर्टवरून ठरवायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. ओसीटीतही फरक नव्हता.

तीन आठवड्यांनी सकाळी पुन्हा टेस्ट केली: उणे ४.६. जिन्यात बसून रडलो.

थकलात तर बटण दाबून धरा, मशीन थांबतं. हे मला तिसऱ्या वेळी कळलं. पापणी खाली येत असेल तर आधीच सांगा, नाहीतर वरचा भाग गेल्यासारखा दिसतो. नजर मधल्या दिव्यावरच ठेवा, पापण्या मोकळेपणाने मिचकावा. चष्म्याचा ताजा नंबर न्या, चाळिशीनंतर जवळची भिंग लावावी लागते. आणि हो, दर वेळी तोच प्रोग्रॅम (ठिपक्यांची ठरावीक मांडणी), माझा २४-२, लावलाय ना, ते विचारा.

पुढची टेस्ट डिसेंबरात आहे. सकाळी नऊची वेळ आत्ताच मागून घेतली आहे.