सेलू ते संभाजीनगर : दहा हजारांत गिटार आणायला

धाकट्या बहिणीसाठी गिटार घ्यायला ती आणि मी असे दोघं फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी सेलूहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलो. बजेट १०,००० रुपये, आणि त्यातच बॅग, कॅपो (मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा), जादा तारांचा सेट असं सगळं बसवायचं होतं. ते बसलं. परभणी, जालना, हिंगोलीकडची बरीच मुलं हल्ली गिटार शिकायला लागली आहेत आणि जवळपास चांगलं दुकान नाही म्हणून फोनवरूनच मागवतात. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी माझी स्वतःची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी मीही घरबसल्या साडेतीन हजारांची एक गिटार मागवली होती. दिसायला झकास, काळी कुळकुळीत. आठ महिने घासली, पण एफ कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकदम वाजवायची एक अवघड पकड, काही वाजेना. बोटांची टोकं सोलून निघायची आणि सूर दबकाच राहायचा. आपल्या हातातच नाही म्हणून सोडून दिली. वर्षभरानं नांदेडला गिटार शिकवणाऱ्या एका सरांनी ती हातात घेतली, बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या बाराव्या धातूच्या आडव्या पट्टीवर, मोजपट्टी लावली आणि म्हणाले, "साडेचार मिलिमीटर. ही मलाही वाजणार नाही." दोष बोटांचा नव्हता. गिटारची मान, म्हणजे तो लांब दांडा, वाकली होती आणि तारा फ्रेटबोर्डापासून पार वर गेल्या होत्या. माझं ते वर्ष वाया गेलं, धाकटीचं जाऊ द्यायचं नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं होतं.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात चार दुकानांना फोन केले. तीनच गोष्टी विचारल्या : दहा हजारांच्या आत आज कोणत्या गिटारी दुकानात आहेत, एकाच मॉडेलचे दोन-तीन नग काढून वाजवू द्याल का, आणि घेतल्यावर अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) लावून द्याल का. एकानं "बॉक्स उघडून मिळणार नाही" म्हणून सांगितलं, त्याचं नाव वहीत खोडलं. एकानं फोन उचलला नाही. उरलेल्या दोघांकडं गेलो. हे फोन केले नसते तर निम्मा दिवस रिक्षातच गेला असता.

गाडी मराठवाडा एक्स्प्रेस. सकाळी जाते, संध्याकाळी तीच परत आणते, त्यामुळं मुक्कामाचा खर्च नाही. सेलूहून साधारण अडीच तास. एरवी खंडपीठात तारखा असणाऱ्यांची आणि कॉलेजच्या पोरांची गर्दी असते, शनिवारी त्या मानानं जागा मिळते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून घेतली होती. परतूरला एक आजोबा समोर येऊन बसले. "कुठं चाललाव दोघं?" म्हणाले. गिटार घ्यायला म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "ऐकून घेणार का बघून?" आयुष्यभर सप्ताहात वीणा धरलेला माणूस. मला तो प्रश्न दिवसभर पुरला.

बरोबर नेलेलं सामान सांगतो, कारण त्यानंच काम झालं. १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी. प्लॅस्टिकची नको, तिच्यात शून्याच्या आधी मोकळी जागा असते आणि माप चुकतं. फोनमध्ये फुकटचं ट्यूनर अ‍ॅप. एक व्हिजिटिंग कार्ड. आणि मित्राचा कॅपो.

पहिलं दुकान जुन्या शहरात, गुलमंडीच्या बाजूला. मुख्य माल पखवाज, हार्मोनियम, टाळ, आणि भिंतीला सहा-सात गिटारी टांगलेल्या. किमती तीन ते साडेचार हजार. काका सरळ माणूस निघाले. "शोभेची आहे ही, शिकायची नाही," असं त्यांनीच सांगितलं. तिथं दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे ३८, ३९, ४१ इंच हे जे आकडे सांगतात ते गिटारच्या एकूण लांबीचे असतात, वाजणाऱ्या तारेच्या लांबीचे नव्हेत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्वस्तातल्या काही गिटारींच्या मानेत ट्रस रॉडच नसतो. हा मानेच्या आतून गेलेला लोखंडी दांडा. तारांच्या ताणानं मान पुढं झुकते, ती याच्यानं सरळ करता येते. गोल भोकातून आत डोकावलं तर मानेच्या टोकाशी अ‍ॅलन की (षटकोनी चावी) बसायचं तोंड दिसतं, नाहीतर वर खुंट्यांच्या पट्टीवर छोट्या झाकणाखाली असतं. दोन्हीकडं नसेल तर ती गिटार घेऊ नका, किंमत कितीही कमी असो. आमच्या मेच्या उन्हात मान वाकली की मग तिला इलाज नाही.

दुसरं दुकान क्रांती चौकाच्या पुढं. तिथं आम्ही दोन तास होतो आणि दुकानातल्या दादांनी एकदाही घाई केली नाही. यामाहाची एफ३१०, कोर्टची एडी८१० आणि यामाहाचीच एफएस८०सी, असे तीन पर्याय बजेटच्या आत किंवा काठावर होते. पहिल्या दोन ड्रेडनॉट आकाराच्या, म्हणजे रुंद, भरदार खोक्याच्या. आवाज मोठा, खर्ज छान. पण धाकटी अंगानं लहानखुरी. ती मांडीवर घेतली की तिचा उजवा खांदा कानाकडं चढायचा. दहा मिनिटांनी म्हणाली, "दादा, खांदा दुखतोय." एफएस८०सी कॉन्सर्ट आकाराची, कंबर बारीक. ती घेतल्याबरोबर खांदा खाली आला. आवाजाच्या आधी हे बघा. रोज तासभर जी अवघडून धरावी लागते, ती गिटार चार महिन्यांत कपाटावर जाते.

मग एफएस८०सीचे दोन नग काढायला लावले आणि एकेक तपासले.

सगळ्यात आधी ट्यून करून घेतली. बेसुऱ्या गिटारवर कोणतीच परीक्षा खरी नाही. खुंट्या फिरवताना हाताला गुळगुळीत लागल्या पाहिजेत, मध्येच सैल किंवा अडकलेल्या नकोत. मग डोळ्याजवळ धरून मानेच्या कडेनं सुतारासारखं बघितलं. मान अगदी बाणासारखी सरळ नसते, किंचित खोलगट असते. ती मोजायची रीत अशी : सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथं मान खोक्याला मिळते तिथं, म्हणजे चौदाव्यावर, एकाच वेळी दाबायची. मग सातव्या फ्रेटवर तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं, एवढीच फट हवी.

त्यानंतर अ‍ॅक्शन. बाराव्या फ्रेटच्या माथ्यावर पट्टी उभी धरून तारेच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोजायचं. जाड सहाव्या तारेला २.५ मिलिमीटरच्या आसपास, बारीक पहिल्या तारेला २ च्या आसपास, हे शिकणाऱ्याच्या हाताला बरं. पहिला नग ३.२ निघाला, दुसरा २.८. मॉडेल एक, कंपनी एक, दुकान एक, तरी हा फरक. म्हणून कुणी "अमुक मॉडेल डोळे झाकून घे" म्हटलं तर डोळे उघडे ठेवा.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर. २० फ्रेट, ६ तारा, १२० सूर. कंटाळवाणं वाटतं, पण दहा मिनिटांचं काम आहे आणि मला वाजवता येण्यापेक्षा कान असण्याची जास्त गरज पडली. पहिल्या नगावर दुसरी तार नवव्या फ्रेटवर झणझणत होती. तंबोऱ्याला जवारी लागते, तिथं ती झणझण हेच सौंदर्य. गिटारला मात्र ती एकाच जागी आली तर फ्रेट वर उठलेला असतो. दुसऱ्या नगावर १२० च्या १२० सूर स्वच्छ.

स्वरस्थानं तपासायला बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून छेडायची, घंटीसारखा सूर निघतो. मग तीच तार तिथंच दाबून छेडायची. ट्यूनरवर दोन्ही सूर एकच दिसले पाहिजेत. दाबलेला चढा येत असेल तर पुढं वरच्या कॉर्ड कायम बेसुऱ्या वाटतील आणि पोरगं स्वतःच्या कानाला दोष देत बसेल. कॅपोचा उपयोग असा : पहिल्या फ्रेटवर कॅपो लावल्यावर गिटार एकदम हलकी वाटली, तर वरच्या नटच्या (खुंट्यांपाशी तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) खाचा उथळ आहेत, त्या दुकानदाराकडून खोल करून घ्यायच्या. शेवटी कार्डाचा कोपरा ब्रिजच्या, म्हणजे खोक्यावर तारा जिथं अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या, मागच्या कडेखाली घालून बघितला. आत शिरला तर ब्रिज उखडायला लागलाय.

दुसरा नग ठरला. २.८ ची अ‍ॅक्शन दादांनी सॅडल घासून खाली आणली. ब्रिजवरची ती पांढरी पट्टी म्हणजे सॅडल, वीणेच्या घोडीचीच बहीण. हिशोब लक्षात ठेवा : बाराव्या फ्रेटवर जेवढं उतरवायचं, त्याच्या दुप्पट सॅडल घासावं लागतं, आणि ते खालून घासायचं. आम्हाला ०.३ उतरवायचं होतं, म्हणून ०.६. दादा म्हणत होते अजून उतरवतो, मी नको म्हटलं. आपल्याकडं एप्रिलनंतर हवा इतकी कोरडी होते की खोक्याचं वरचं लाकूड, म्हणजे पाटा, आक्रसून खाली बसतो आणि तारा आपोआप खाली येतात. फेब्रुवारीत अगदी खाली लावलेली गिटार मेमध्ये झणझणणार.

त्यांनी यामाहाची एफजी८०० पण दाखवली. तिचा वरचा पाटा अखंड स्प्रूस लाकडाचा. वाजवल्यावर धाकटीचे डोळे चमकले, माझेही. अखंड पाटा ओळखायचा तर गोल भोकाच्या कडेला बघायचं, वरच्या रेषा जाडीतही तशाच उतरलेल्या दिसतात. थर चिकटवलेल्या पाट्यात त्या तुटतात. आवाज अखंड पाट्याचाच चांगला, यात वाद नाही. पण ती बजेटच्या पार बाहेर होती, आणि असं लाकूड कोरड्या हवेत तडकायची भीती जास्त. थरांच्या लाकडात रेषा आडव्या-उभ्या असल्यानं ते कमी हलतं. पहिली गिटार, मराठवाड्याची हवा आणि दहा हजार रुपये, या तिन्हींचा विचार केला तर थरांचा पाटा घेण्यात काही कमीपणा नाही. पिकअप (आवाज वायरीतून बाहेर नेणारा भाग) लावलेल्या, दुकानात 'सेमी अकॉस्टिक' म्हणतात त्या मात्र या किमतीत घेऊ नका. पैसे तेवढेच, त्यातले काही वायरीत गेले की लाकडात कमी पडतात.

हिशोब : गिटार ८,२००, जाड अस्तराची बॅग ९००, कॅपो ३५०, तारांचा सेट ४५०. एकूण ९,९००. सॅडलचं काम गिटार तिथूनच घेतल्यामुळं फुकट. तारा एक्स्ट्रा लाइट, म्हणजे .०१० इंच जाडीपासूनच्या बारीक घेतल्या आणि तिथंच चढवून घेतल्या. नवीन बोटांना पहिले दोन महिने याचा फार फरक पडतो. बिल घेतलं, त्यावर नगाचा क्रमांक लिहून घेतला.

परतीच्या गाडीत गिटार वरच्या फळीवर ठेवू नका, जालन्याला चढणारे लोक तिच्यावर पोतं टाकतात. आम्ही ती दोघांच्या गुडघ्यांमध्ये उभी धरून आणली. एसटीनं येणार असाल तर डिकीत अजिबात नको.

घरी आणल्यावरची जागा हा निम्मा प्रश्न आहे. आमच्याकडं एक पत्र्याची खोली आणि आजोबांच्या काळातली माळवदाची खोली, अशा दोन आहेत. धाकटीला तिच्या पत्र्याच्या खोलीतच हवी होती. मी ती माळवदाखाली ठेवली. मातीच्या जाड धाब्याखाली दुपार आणि रात्र यांत फार फरक पडत नाही. लाकडाला नुसती उष्णताच नाही, दमट-कोरडं असं सतत बदलणंही बाधतं. म्हणून कूलरच्या झोतासमोरही नको. दुपारभर ओली हवा आणि लाईट गेली की खडखडीत कोरडी, हे तिला सोसत नाही. वाजवून झालं की बॅगेत, चेन लावून. बॅगेत प्रवासातली साबणाची डबी, तिला सुईनं पाडलेली भोकं, आत पिळून घेतलेला स्पंज. पाणी टपकता कामा नये. मेमध्ये दर दोन दिवसांनी तो ओला करायचा, जूनला पाऊस लागला की काढून टाकायचा.

काल, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, पट्टी लावली. २.४. फ्रेटची टोकं हाताला लागत नाहीत, झणझण नाही. आणि परवा संध्याकाळी तिची एफ कॉर्ड सहाही तारांवर वाजली. मी बाहेर ओट्यावर होतो, तिथं ऐकू आली.