क्विन्स बियांपासूनच का वाढवलं?

क्विन्स म्हणजे सफरचंद-नाशपातीच्या कुळातलं एक पिवळं, सुगंधी फळ. आमच्या बागेत ऑक्टोबरमध्ये जो येतो तो आधी ते फळ नाकाशी धरतो आणि मग विचारतो, "नर्सरीत याचं कलम मिळतं, तीन-चार वर्षांत फळ धरतं. तुम्ही बी लावून आठ वर्षं वाट का पाहिलीत? आणि जे फळ कच्चं खाता येत नाही, त्याचं करता तरी काय?" बाग म्हणजे स्टुटगार्टजवळच्या बागवसाहतीतला भाड्याचा तुकडा. जर्मन कायद्याप्रमाणे अशी बाग 400 चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी. म्हणजे एवढ्याशा जागेत दोन झाडं आठ वर्षं नुसती उभी. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. उत्तर सांगलीत सुरू होतं.

कोरडा खोकला झाला की आजी रात्री वाटीत चमचाभर तपकिरी बिया भिजत घालायची. सकाळी पाणी बुळबुळीत झालेलं असायचं, सब्जापेक्षाही दाट. ते गाळून, खडीसाखर घालून ती घोट घोट पाजायची. बिया अख्ख्याच भिजवायच्या, कुटायच्या नाहीत, चावायच्या नाहीत, हे दर वेळी बजावायची. (तिचं बरोबर होतं. सफरचंदाच्या बियांसारखंच या बियाही फुटल्या की त्यांतून सायनाइड तयार होतं.) त्या बियांचं नाव बिहीदाणा. एकदा तिने मला काष्ठौषधींच्या दुकानात पाठवलं आणि मी बेदाणे घेऊन आले. तासगाव हाकेच्या अंतरावर. आमच्याकडच्या मुलीला बेदाणाच ऐकू येणार. पुढे कळलं की दोन्ही शब्द फारसीतून आलेत. बे-दाणा म्हणजे ज्यात बी नाही तो, आणि बिही-दाणा म्हणजे बिही नावाच्या फळाचं बी. ते फळ आमच्या घरात कुणीच पाहिलं नव्हतं. आजीनेही नाही. ती आयुष्यभर बी वापरत आली.

2013 च्या ऑक्टोबरात इथल्या तुर्की वाण्याकडे पिवळीधमक, अंगावर राखाडी लव असलेली फळं दिसली. पाटीवर लिहिलं होतं 'आयवा', म्हणजे तुर्कीत क्विन्स. वासासाठी दोन घेतली. घरी कापायला गेले तर सुरी अडकली, इतकं टणक. मधे पाच कप्पे, प्रत्येकात बिया गच्च बसलेल्या. पोळपाट धुताना बोटं बुळबुळीत झाली आणि मी तशीच थांबले. हा स्पर्श मला माहीत होता, आजीच्या बिहीदाण्याचा. म्हणजे बिही ते हेच फळ. आजी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या बिया टाकून देणं मला शक्यच नव्हतं, आणि कलम आणून ही गोष्ट भागलीही नसती. मला हेच बी वाढताना बघायचं होतं.

आता लागवडीचं. या बीला आधी थंडी सोसावी लागते, नाहीतर ते रुजत नाही. मी बिया चोळून चोळून धुतल्या, ओल्या वाळूत मिसळून डब्यात घातल्या आणि डबा तीन महिने फ्रीजमध्ये ठेवला. वाळू ओलसर हवी, निथळती नको. एका डब्यात पाणी जास्त झालं आणि सगळ्याला बुरशी धरली. फेब्रुवारीत बिया कुंड्यांत पेरल्या, खिडकीशी. 24 पैकी 11 रुजल्या. उन्हाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके पडून पानं गळायला लागली. क्विन्सला ओल्या हवामानात हा बुरशीचा रोग हमखास होतो. गळलेली पानं रोज उचलायची, पाणी पानांवर न पडता बुंध्याशी द्यायचं, एवढंच हातात होतं. दुसऱ्या वसंतात चार रोपं उरली होती. दोन जमिनीत लावली, दोन शेजारच्या तुर्की आजींना दिली.

मग वाट. 2017 च्या एप्रिलात उशिराचं दंव पडलं आणि वसाहतीतल्या चेरी, सफरचंदांचा मोहोर एका रात्रीत काळा पडला. कोपऱ्यातलं जुनं क्विन्स मात्र त्या शरदात लगडलं होतं, कारण ते फुलतंच मे महिन्यात, पानं आल्यानंतर. माझी झाडं पहिल्यांदा 2020 मध्ये फुलली. कळी मिटलेल्या छत्रीसारखी पिळदार, कडेला गुलाबी रेघ. उमलली की तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं फिकट गुलाबी फूल, फांदीच्या टोकाला एकच. त्या वर्षी सगळी फुलं गळली. 2021 मध्ये चार फळं मिळाली.

बियांपासून आलेलं झाड आईसारखं निघेलच असं नाही. माझ्या एका झाडाची फळं सफरचंदासारखी गोल आहेत, दुसऱ्याची नाशपातीच्या घाटाची आणि गाभ्याशी रवाळ. एकाच फळातल्या दोन बिया! तुम्हाला फक्त फळ हवं असेल तर कलमच घ्या, हे मी प्रत्येकाला सांगते. आणि सांगलीहून जे विचारतात त्यांना हेही सांगते, की बी तिथेही रुजेल, पण फुलायला लागणारा हिवाळा तिथे नाही.

फळाचं काय करायचं, याचं उत्तर मला आवडतं. आधी ओल्या फडक्याने लव पुसून काढायची. पिकलेलं फळही कच्चं खाल्लं तर जीभ आवळून येते. शिजवलं की तेच फळ पालटतं. फोडी पाण्यात मऊ करून गर काढायचा, किलोला पाऊण किलो साखर, चार लवंगा, आणि मंद आचेवर दोन तास. पांढरट गर आधी फिकट गुलाबी होतो, मग तांब्याच्या रंगाचा. रंग बाहेरून घालावा लागत नाही. तुरटपणा ज्या द्रव्यांमुळे असतो, तीच आचेवर लाल होतात. पेक्टिन, म्हणजे गर घट्ट धरणारं द्रव्य, यात इतकं असतं की ताटात थापलं की वडी पडते. पोर्तुगीज याला मार्मेलाडा म्हणतात, मार्मेलू म्हणजे क्विन्स. ज्यांनी गोव्याची पेराड खाल्ली आहे, त्यांना ही वडी ओळखीची वाटेल. तिथे तोच प्रकार पेरूचा करतात.

तुर्की आजी अर्धी फळं साखरेच्या पाकात शिजवतात आणि बियाही त्यातच टाकतात, पाक दाट व्हावा म्हणून. वाढताना बाजूला काढतात. काश्मिरात याला बमचूंठ म्हणतात, ते वांग्याबरोबर शिजवतात. मी करून पाहिलं, आंबटगोड रस्सा भातावर फार छान लागतो. आमसुलं संपली की आमटीत क्विन्सची एक फोड घालते. एक फळ मात्र खोलीत नुसतं ठेवते. सफरचंदांच्या शेजारी नाही, नाहीतर सफरचंदांनाही तोच वास लागतो.

बिया कागदावर पसरून वाळवते. नोव्हेंबरात मुलाचा घसा धरला की रात्री चमचाभर भिजत घालते, अख्ख्या, वर झाकण. यंदाच्या काही बिया वाळूच्या डब्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आहेत. फेब्रुवारीच्या शेवटी काढणार आहे. ज्यांनी विचारलंत, त्यांनी तेव्हा एकेक रिकामी कुंडी घेऊन या.