मागचं चाक दोन मिनिटांत, गाडी अकरा महिन्यांत

मागच्या चाकाला एकच नट आहे. मोठा, मधोमध, क्लिपनं अडवलेला. क्लिप काढून लांब दांड्याच्या पान्यावर अंगाचा भार टाकला की चाक हातात येतं. साखळी, ब्रेक सगळं जागच्या जागी राहतं. पहिल्याच दिवशी मी ते दोन मिनिटांत काढलं आणि मनात म्हटलं, सोपं प्रकरण दिसतंय. गाडी रस्त्यावर यायला त्यानंतर अकरा महिने लागले.

गाडी म्हणजे होंडाची मोटरसायकल, व्हीएफआर७५०आर. पण हे नाव कोणी घेत नाही, सगळे आरसी३०च म्हणतात. १९८५ आणि १९८६ साली जपानातल्या सुझुकाची आठ तासांची रेस जिंकणारी होंडाची रेसगाडी आरव्हीएफ७५० ही हिची थोरली बहीण. तसल्या रेसमध्ये टायर बदलायला गेलेला सेकंदही हिशेबात धरतात, म्हणून मागचं चाक एकाच बाजूनं पेलणारा दांडा, म्हणजे स्विंगआर्म, आणि तो एकुलता एक नट. (कल्पना मूळची एल्फ या फ्रेंच तेलकंपनीच्या रेसिंग प्रयोगांतली.) १९८८ला वर्ल्ड सुपरबाइक ही रेसची स्पर्धा सुरू झाली. तिथला नियम असा की जी गाडी ट्रॅकवर उतरवायची, ती ठरावीक संख्येनं लोकांना विकायलाही काढायची. होंडानं सुमारे ३,००० आरसी३० बनवल्या आणि अमेरिकन रेसर फ्रेड मर्केलनं पहिली दोन्ही विजेतेपदं, १९८८ आणि १९८९ची, तिच्यावरच मिळवली. यामाहाची ओडब्ल्यू०१ याच नियमापोटी जन्मली. पुढे १९९९ची ओडब्ल्यू०२, म्हणजे जुनी आर७, तर अवघ्या ५०० बनल्या. या गाड्यांना दिवे आणि इंडिकेटर लावलेत ते कायद्याची समजूत काढायला, असं मी पूर्वी मोठ्या कौतुकानं सांगायचो. आता जरा जपून सांगतो.

मला मिळालेली गाडी नऊ वर्षं एका शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. पहिली धास्ती ही, की ती खरी आहे का. हिची धाकटी बहीण व्हीएफआर४००आर फोटोत इतकी हिच्यासारखी दिसते की भले भले फसतात. त्यात या गाड्या रेसमध्ये पळवण्यासाठीच घेतल्या जायच्या, त्यामुळे एकीचं इंजिन दुसरीच्या फ्रेममध्ये असणं नवल नाही. बघायला जाताना खिशात टॉर्च, छोटं लोहचुंबक आणि नंबरांचा कागद. चुंबक टाकीला लावलं, घसरून खाली पडलं. टाकी अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे पहिला पेपर पास. फ्रेमवर आरसी३०, इंजिनवर आरसी०७ई, कागदावर होतं तसंच. दुसराही पास.

"एकदाही पडलेली नाही, साहेब," मालक म्हणाले.

मी हँडल शेवटपर्यंत वळवून टॉर्च मारला. हँडल जिथे अडतं तिथला फ्रेमवरचा उंचवटा एका बाजूनं चेपलेला होता. डाव्या फेअरिंगच्या, म्हणजे बाहेरच्या आवरणाच्या, आतून फायबरचा ठिगळ, वरच्या रंगापेक्षा बराच तरुण. मी काही बोललो नाही, नुसता टॉर्च तिथेच धरून ठेवला. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "आता तुम्ही पाहिलंच आहे, तर किमतीचं बघू आपण."

घरी आल्यावर बॅटरी लावून स्टार्टर मारायची खाज सुटली होती. पण आत टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, आणि नऊ वर्षं कोरडं पडलेलं इंजिन. प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडलं, दोन दिवस थांबलो आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, बोल्टवर पाना लावून हातानं फिरवलं. फिरलं. त्या रात्री झोप चांगली लागली. ब्रेकचे पिस्टन, सील, कूलंटचे पाइप, फोर्कचं तेल ही कामं कोणत्याही जुन्या गाडीसारखीच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हात काळे होतात, एवढंच.

कार्ब्युरेटरनं मात्र माझी चांगली जिरवली. चारही केहिन कंपनीचे, इंजिनच्या 'व्ही'च्या पोटात बसलेत, आणि त्यांना इंजिनाशी जोडणारे रबराचे बूट वाळून लाकूड झालेले. जोर करून ओढले की फाटणार, आणि फाटले की नवे शोधत फिरा. हेअर ड्रायरनं एकेक बूट तापवत, चारही कार्ब हलवत हलवत वर काढायला अख्खा रविवार गेला. फ्लोटच्या वाट्यांत पेट्रोलचा मधासारखा चिकट थर आणि वर आंबूस वास. जेट साफ केले, नव्या ओ-रिंग घातल्या, सगळं परत बसवलं. तीन सिलिंडर छान बोलू लागले, चौथा आयडलला गप्प.

तीन वेळा कार्ब उतरवले. तीन! प्लग बदलला, कॉइलच्या वायरी अदलून पाहिल्या, उगाच इलेक्ट्रिकलला दोष दिला. शेवटी एका जुन्या मेकॅनिक काकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं: "मिक्स्चर स्क्रूखालची जुनी ओ-रिंग बाहेर निघालेली तू डोळ्यांनी पाहिलीस का?"

नव्हती पाहिली. स्क्रूबरोबर स्प्रिंग आली, वॉशर आला. मोहरीएवढी ओ-रिंग भोकाच्या तळाशी चिकटून राहिली आणि मी तिच्याच डोक्यावर नवी बसवली. शिवणाची सुई गॅसवर तापवून टोक वाकवलं, भिंग धरलं, आणि ती बाहेर काढली. कडक, काळी, एका जागी तुटलेली. अजून एका डबीत ठेवली आहे.

मग टॅपेट. सोळा व्हॉल्व्ह, त्यांच्या फटी फीलर गेजनं इंजिन थंड असताना मोजायच्या. पाच घट्ट निघाले. इथे स्क्रू फिरवून फट जुळवायची सोय नाही, व्हॉल्व्हवरच्या वाटीखाली, म्हणजे बकेटखाली, ठरावीक जाडीची गोल चकती (शिम) असते आणि ती बदलायची तर व्हॉल्व्ह दाबणारी कॅमशाफ्टच उचलावी लागते. हिचे कॅम साखळीवर नाही, गिअरवर फिरतात, तेव्हा खुणा जुळवताना एक दाता इकडचा तिकडे झाला तर पुढचं बोलायलाच नको. मी प्रत्येक खुणेचे दोन-दोन फोटो काढले आणि पांढऱ्या रंगाचा ठिपकाही दिला. भित्रेपणा म्हणा हवं तर. शिमवरचे आकडे पुसट झालेले, म्हणून प्रत्येक शिम मायक्रोमीटरखाली घालून वहीत लिहिली. रेसच्या टीमकडे ही शिमांची पेटी भरलेली असायची, काम संध्याकाळपुरतं. मी एकेक शिम मागवायचो आणि वाट बघायचो.

आणि तो दोन मिनिटांत निघणारा मागचा टायर! चाक १८ इंची, माप १७०/६०. आजच्या स्पोर्ट गाड्यांची चाकं सगळी १७ इंची, त्यामुळे या मापात निवडीला वावच नाही. बरेच जण दुसरं १७ इंची चाक बसवून मोकळे होतात आणि त्यांचं चुकतं असंही नाही. मी हट्टानं १८च ठेवलं आणि साडेतीन महिने टायरची वाट पाहिली. तेवढा काळ स्विंगआर्म स्टँडवर उघडा, आणि त्या एका नटाला मी जाता-येता उगाच तेल लावायचो.

चौथा सिलिंडर जागा झाल्यावरचा आवाज सांगायलाच हवा. साध्या व्हीएफआर७५०एफचा क्रँक १८० अंशांचा, हिचा ३६०चा. त्यामुळे ठोके सरळ रांगेत न येता जोडीजोडीनं येतात, आणि चार सिलिंडरची गाडी दोन सिलिंडरच्या दणकट गाडीसारखी गुरगुरते. त्यावर गिअरवरच्या कॅमची बारीक शीळ. शेजारी गॅलरीत येऊन विचारते झाले, "काही बिघडलंय का?"

पहिल्या फेरीत माझंच बिघडलं. पहिला गिअर इतका लांब की त्यातच गाडी ताशी १०० च्या पुढे जाते. सिग्नलवरून निघताना क्लच अर्धवट धरून घसटवावा लागतो, नाहीतर बंद. दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. डावं मनगट भरून आलं, तापमानाचा काटा चढत गेला. मोकळा रस्ता लागला तसा वारा रेडिएटरवर आला, काटा उतरला, आणि गाडी एकदम हलकी झाली. परत यायला हवं त्यापेक्षा उशीर झाला.

वहीत सोळा आकडे आहेत. सहाव्या व्हॉल्व्हची फट अजून मर्यादेच्या काठावर आहे, त्याची शिम मागवली आहे.