अक्कलदाढ आणि माझं घोरणं

फॉर्मवर प्रश्न होता, 'रात्री घोरता का?' मी 'नाही'समोर खूण केली. शेजारी बसलेल्या बायकोने कागद ओढून घेतला, माझी खूण खोडली आणि डॉक्टरांना म्हणाली, "माडीवरचे भाडेकरूसुद्धा सांगतील."

दाढ काढायला आलेल्या माणसाच्या घोरण्याशी यांना काय करायचंय, असंच मला वाटलं होतं.

डाव्या बाजूची खालची अक्कलदाढ हाडात आडवी झोपली होती. वर्षभरात तीनदा हिरडी सुजली. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, उंडो पाव चहात बुडवून गिळायची वेळ आली, तरी मी टाळत होतो. लहानपणी एका दवाखान्यात दात बधिर व्हायच्या आत चिमटा लागला होता. त्या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली, पण अजून त्या खुर्चीत पाठ टेकली की सदरा भिजतो. पणजीतल्या दंतवैद्यांनी माझा घाम बघितला आणि म्हणाले, "सर, पूर्ण भूल नको. गुंगीत करू."

गुंगीत माणूस पेंगतो, पण 'तोंड उघडा' म्हटलं की उघडतो, आणि श्वास स्वतःचा स्वतः घेतो. दुखणं मात्र गुंगीने थांबत नाही, त्यासाठी हिरडीतली सुई वेगळी द्यावीच लागते. हे मला आधी ठाऊक नव्हतं. पहिला बेत लाफिंग गॅसचा होता. 1844 साली अमेरिकेत होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने याच नायट्रस ऑक्साइडच्या अमलाखाली स्वतःचा दात काढून घेतला होता. पण हा गॅस नाकावरच्या मास्कमधून घ्यायचा असतो, आणि माझ्या नाकाचं हाड वाकडं. एक नाकपुडी कायम बंद. गॅस बाद. मग शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध द्यायचं ठरलं, आणि घोरण्याचं ऐकल्यावर दंतवैद्यांनी भूलतज्ज्ञ मॅडमना बोलावून घेतलं.

मॅडमनी दाताकडे पाहिलंच नाही. जीभ बाहेर काढायला लावली, मान मागे करायला सांगितली, गळ्याचा घेर मोजला. मग थेट, "हुर्राक घेता?" काजूच्या या दारूचा हंगाम, एप्रिल चालू होता, खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. आदल्या दिवसापासून एक थेंब नको, म्हणाल्या. दारू आणि हे औषध, दोन्ही मेंदूचं श्वासावरचं लक्ष ढिलं करतात.

मग त्यांनी माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि श्वास रोखायला सांगितला. आकडा 98. वीस सेकंद झाली, तीस झाली, छाती फुटायला आली, आकडा 98च. मी धापा टाकत श्वास सोडला. "ऑक्सिजन संपला म्हणून जीव कासावीस झाला नाही," त्या म्हणाल्या. "रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला, तो मेंदूला टोचत होता. गुंगीचं औषध ही टोचणीच बोथट करतं."

मी गणित शिकवतो, म्हणून पुढचं त्यांनी आकड्यांत मांडलं. शांत बसलेल्या माणसाचा एक श्वास साधारण 500 मिलिलिटर. त्यातले 150 नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहतात, तिथे वायूंची देवघेव होत नाही. कामाचे उरले 350. आता गुंगीत श्वास निम्मा झाला, 250 वर आला, तर कामाचे किती? शंभर. श्वास निम्मा झाला, पण कामाची हवा एक तृतीयांशही उरली नाही! परीक्षेत घालावं असं उदाहरण. त्यात घोरणाऱ्याची घशाची वाट आधीच अरुंद; गुंगीत स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, आणि दाढ काढणारा हात जबडा खाली दाबतो तो वेगळाच.

आणखी एक गोम. नाकात ऑक्सिजनची नळी असली की श्वास मंदावला तरी बोटावरचा आकडा बराच वेळ चांगला दिसत राहतो. म्हणून उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, कॅप्नोग्राफ, लावायचं ठरलं. श्वास थांबला की त्याच्या पडद्यावरची लाट लगेच सपाट होते.

ठरल्या दिवशी सहा तास पोटात अन्न नको, दोन तास आधीपासून पाणीही नको. सकाळची पेज बुडाली. मेव्हण्याने गाडी आणली होती, कारण पुढचे चोवीस तास मला स्कूटरला हात लावायला मनाई. आम्ही लवकर पोहोचलो, म्हणून जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाच्या पुतळ्याखाली थोडा वेळ उभे राहिलो. हा कांदोळीत 1756 साली जन्मलेला पाद्री पॅरिसमध्ये लोकांना संमोहनाने गुंगवायचा आणि सांगायचा, जादू माझ्या हातात नाही, गुंगणाऱ्याच्या मनात आहे. रामचंद्र कामतांनी घडवलेला तो पुतळा 1945 पासून तिथे हात पसरून उभा आहे. माझ्या मनाने मात्र त्या दिवशी काही मदत केली नाही. घाम होताच.

सलाइनच्या सुईतून औषध थोडं थोडं गेलं, मध्ये मध्ये थांबून. मॅडम विचारत होत्या, "सर, सतराचा पाढा येतो?" सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत मला आठवतं. नंतर एकदा "श्वास घ्या, खोल," असा आवाज आला आणि कुणीतरी हनुवटी वर उचलली. बाकी कोरं. हे औषध आठवणी साठूच देत नाही. मी जागा होतो, सांगितलेलं ऐकत होतो, दोनदा बोललोही म्हणे. लाट एकदा सपाट झाली होती. हनुवटी उचलल्यावर परत आली. हे मॅडमनी नंतर बायकोला सांगितलं, मला नाही.

कापसाचा बोळा चावत मी बाहेर आलो तेव्हा कागदावर गोळ्यांखाली एक ओळ जास्तीची होती: झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्यावी. ती तपासणी अजून व्हायची आहे.

त्या रात्री उशा उंच करून झोपलो. रोज बायको मला ढोसते ती घोरतो म्हणून. त्या रात्री तिने दोनदा ढोसलं, आवाज थांबला म्हणून.