कोकणच्या सड्यावर रॉकेट उडवताना

जानेवारीअखेरच्या शनिवार-रविवारी रत्नागिरीच्या दक्षिणेला, पूर्णगड आणि आडिवरे यांच्या दरम्यानच्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, हौशी रॉकेटकारांचा मेळावा भरला होता. मी माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याला घेऊन त्याला गेले होते. गावाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण जमीनमालकांनी तशी विनंती केली आहे आणि त्यांच्याच सौजन्याने आम्हा तीसेक जणांना ती जागा मिळाली होती. पुढच्या हंगामात कोकणात कुठेही असे उड्डाण करण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे.

शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही उतावळेपणाने रॉकेट सोडण्याचा पहिला मंच उभा करत असताना जमीनमालक काका शांतपणे म्हणाले, "आत्ता घाई करू नका. मतलई पडू दे, मग उडवा. आणि खारा सुटला की थांबा, नाहीतर दिवसभर काजूत शोधत बसाल." त्या दोन दिवसांत शिकलेल्या बहुतेक गोष्टी या तीन वाक्यांत आल्या होत्या, पण हे आमच्या ध्यानात यायला शनिवारची दुपार उलटावी लागली.

किनाऱ्यावर रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. जमीन तापली की दिशा उलटते आणि समुद्रावरून खारे वारे सुरू होतात. या दोहोंच्या मध्ये, हिवाळ्यात साधारण नऊ ते साडेदहाच्या दरम्यान, हवा जवळजवळ स्तब्ध असते. आमच्याजवळच्या हातातल्या वायुवेगमापकावर शनिवारी सव्वानऊला ताशी 4 किलोमीटर आणि दुपारी एकला ताशी 22 किलोमीटर अशी नोंद झाली. अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या संस्थेच्या सुरक्षासंहितेनुसार वाऱ्याचा वेग ताशी 20 मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे 32 किलोमीटरपेक्षा अधिक असेल तर उड्डाण करू नये. दुपारचा वारा या मर्यादेत होता. तरीही सड्यावर तो आम्हाला पुरेसा महाग पडला.

त्याचे कारण साध्या गणितात आहे. दोनशे मीटर उंचीवर पॅराशूट उघडले आणि रॉकेट सेकंदाला 4 मीटर वेगाने खाली येऊ लागले, तर त्याला जमिनीवर यायला 50 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी 22 किलोमीटरचा वारा त्याला तीनशे मीटरहून दूर नेतो, आणि ताशी 4 किलोमीटरचा वारा जेमतेम 55 मीटर. शिवाय पंखांच्या रॉकेटचे नाक वारा जिकडून येतो तिकडे वळते, कारण मागच्या पंखांना वारा ढकलत असतो. म्हणून सकाळच्या मतलईत रॉकेट आधी पूर्वेला झुकते आणि मग पॅराशूटसह पश्चिमेला, कड्याच्या आणि समुद्राच्या दिशेने वाहत जाते. दुपारी ते समुद्राकडे झुकते आणि जमिनीच्या बाजूला, काजूच्या आणि कलमांच्या बागांत उतरते. 21 नोव्हेंबर 1963 रोजी थुंब्याहून भारतातले पहिले साउंडिंग रॉकेट सुटले तेव्हा शेजारचा समुद्र ही सोय होती, कारण जळून गेलेले भाग त्यात पडू देता येत होते. आपल्याला मात्र रॉकेट परत हवे असते, त्यामुळे समुद्र जवळ असणे ही आपली अडचण ठरते. सकाळी मंच सड्याच्या पूर्वेकडच्या भागात ठेवावा आणि वारा फिरला की पश्चिमेकडे, पण कड्यापासून बराच अलीकडे, हलवावा. एकाच जागी मंच ठेवून दिवस काढण्याचा आमचा शनिवारचा बेत चुकीचा होता.

प्रवासाविषयी थोडक्यात सांगते. मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्येने पहाटे रत्नागिरीला उतरावे. स्टेशन शहरापासून काही किलोमीटर बाहेर आहे, तेथून भाट्याचा पूल, पावस आणि पूर्णगडची खाडी ओलांडून किनारी रस्त्याने तासा-दीड तासात सड्यावर पोहोचता येते. रॉकेटचे सुटे भाग कपड्यांत गुंडाळून न्यावेत. पंख बाल्साच्या हलक्या लाकडाचे असतील तर ते कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवावेत. मोटरी, म्हणजे रॉकेटला रेटा देणाऱ्या इंधनभरल्या नळ्या, मात्र कोणीही रेल्वेने नेऊ नयेत. स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थ गाडीतून नेण्यास बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

मोटरींविषयी येथेच स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते, कारण मेळाव्यात आलेल्या तीन-चार तरुणांनी घरी इंधन बनवण्याविषयी चौकशी केली. आपल्याकडे हा विषय 1884 च्या स्फोटक कायद्याच्या आणि 2008 च्या स्फोटक नियमांच्या कक्षेत येतो, आणि त्याची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही केंद्रीय संस्था करते. परवान्याशिवाय इंधन तयार करणे हा गुन्हा तर आहेच, पण स्वयंपाकघरात ते करताना हातांची बोटे आणि डोळे जातात. आयोजकांनी मोजक्या, कारखान्यात बनलेल्या मोटरी परवानाधारक पुरवठादाराकडून थेट स्थळी आणवल्या होत्या. पोलीस ठाण्याला, ग्रामपंचायतीला आणि तटरक्षक दलाला लेखी कळवले होते आणि त्या पत्रांच्या प्रती मंचाजवळ ठेवल्या होत्या. रत्नागिरीची धावपट्टी शहराच्या उत्तरेला आहे आणि तेथे तटरक्षक दलाची विमाने उतरतात, म्हणूनही दक्षिणेकडची जागा निवडली होती. ज्यांना एवढी कागदपत्रे करणे शक्य नाही, त्यांनी निराश होऊ नये. मेळाव्यातली निम्म्याहून अधिक उड्डाणे पाण्याच्या रॉकेटांची होती, आणि त्यांतून शिकण्यासारखे काही कमी नव्हते.

पाण्याच्या रॉकेटासाठी फसफसणाऱ्या शीतपेयाची दोन लिटरची बाटली घ्यावी. साध्या पाण्याच्या बाटल्या पातळ असतात आणि दाब सोसत नाहीत. बाटलीत साधारण एक तृतीयांश पाणी भरून दाबमापक असलेल्या सायकलच्या पंपाने 60 ते 70 पीएसआय दाब द्यावा, त्यापुढे जाऊ नये, आणि किमान पाच-सहा मीटर लांबीच्या दोरीनेच चाप ओढावा. ओरखडा पडलेली, उन्हात राहून पांढुरकी झालेली किंवा आधी जोरात आपटलेली बाटली पुन्हा वापरू नये. दाब चढवलेल्या बाटलीजवळ कोणीही वाकून पाहू नये. आमच्याकडे हा नियम मोडणाऱ्या एका काकांना आयोजकांनी लगेच मागे पाठवले, ते मला आवडले.

गावातल्या शाळेची दहा-बारा मुले शनिवारी आली होती. त्यांना उंची मोजण्याचे काम दिले गेले, आणि ते त्यांनी आमच्यापेक्षा नीट केले. कंपासपेटीतल्या कोनमापकाला गवंड्याचा लहान ओळंबा बांधला, मंचापासून बरोबर 100 मीटरवर उभे राहिले आणि रॉकेट सर्वांत वर असतानाचा कोन वाचला. कोन 45 अंश असेल तर उंची 100 मीटर, 60 अंश असेल तर सुमारे 173 मीटर. त्यात डोळ्याची उंची मिळवायची. वाऱ्याला आडव्या दिशेने उभे राहिले तर चूक कमी होते, हे सातवीतल्या एका मुलीने स्वतःच ओळखले आणि बाकीच्यांना तिकडे नेले. मेळाव्यात दोघांकडे हवेच्या दाबावर चालणारे उंचीमापक होते. त्यांचे आकडे आणि मुलांचे आकडे बहुतेक वेळा दहा-पंधरा मीटरांच्या आत जुळले.

सड्याची जमीन हा स्वतंत्र विषय आहे. जांभ्याच्या कातळात खुंटी ठोकता येत नाही, त्यामुळे मंचाच्या तिन्ही पायांवर जांभ्याचे चिरे ठेवून तो स्थिर करावा लागतो. मंचावर लोखंडी पत्रा असलाच पाहिजे, नाहीतर ज्वाळा खालच्या गवतात जाते. जानेवारीत सडा वरून पिवळा आणि पूर्ण वाळलेला असतो, आणि त्याच वेळी शेजारच्या हापूसच्या बागांत मोहोर आलेला असतो. एका ठिणगीने वणवा लागला तर कोणाच्या तरी वर्षाच्या उत्पन्नाची राख होईल, या जाणिवेने वागावे. मंचाभोवती पाच मीटरपर्यंत गवत आदल्या दिवशी कापून उचलले होते, पाण्याने भिजवलेली गोणपाटे आणि चार बादल्या तयार होत्या, आणि प्रत्येक उड्डाणानंतर एक जण केवळ गवताकडे पाहत होता. रविवारी एकदा धूर दिसला आणि गोणपाटाने दहा सेकंदांत विझवता आला.

तो धूर ज्या मोटरीमुळे झाला, तिची हकीकत सांगण्याजोगी आहे. काळ्या दारूच्या मोटरीत इंधन कागदी नळीत घट्ट दाबलेले असते. ती खूप तापून पुन्हा थंड झाली तर इंधन आणि नळी यांच्यात फट पडू शकते, आणि पेटवताच ज्वाळा त्या फटीत शिरून मोटर फुटते. एक डबा शनिवारी दुपारभर बंद गाडीत उन्हात राहिला होता. त्यातली एक मोटर रविवारी मंचावरच फुटली. सगळे ठरल्या अंतरावर होते म्हणून कोणालाही इजा झाली नाही. त्या डब्यातल्या उरलेल्या मोटरी आयोजकांनी वापरू दिल्या नाहीत. मोटरी सावलीत, सुती कापडात गुंडाळून, गाडीबाहेर ठेवाव्यात. पेटवणी नेहमी विजेच्या तारेनेच करावी, डी वर्गापर्यंतच्या (म्हणजे लहान ताकदीच्या) मोटरीपासून किमान 15 फूट दूर उभे राहावे, आणि कळ दाबूनही रॉकेट सुटले नाही तर सुरक्षा-किल्ली काढून पूर्ण एक मिनिट थांबावे. आम्ही ही अंतरे दुप्पट ठेवली होती, कारण कातळावरून तुकडे उसळतात.

किनाऱ्यावरच्या दमटपणाचा अंदाज मला आधी नव्हता. रात्रभर पडवीत ठेवलेल्या रॉकेटाची पुठ्ठ्याची नळी सकाळी किंचित फुगली होती आणि नाकाचा भाग घट्ट अडकला होता. अडकलेले नाक वेळेवर सुटले नाही तर पॅराशूट बाहेर येत नाही आणि रॉकेट भाल्यासारखे खाली येते. शनिवारी दोन रॉकेटे अशीच गेली. सांधा बारीक पॉलिश पेपरने घासून नाक स्वतःच्या वजनाने जवळजवळ निसटेल इतके सैल करावे, पॅराशूटला शंखजिऱ्याची पूड चोळावी आणि ते उड्डाणापूर्वी पाच मिनिटे आधीच घडी घालावे, आदल्या रात्री नव्हे.

आमचे रॉकेट रविवारी सकाळी नऊ चाळीसला सुटले. मोटरीसह वजन 80 ग्रॅम, मोटर सी6-5. म्हणजे एकूण आवेग (रेटा गुणिले वेळ) सी वर्गातला, 5 ते 10 न्यूटन-सेकंदांच्या दरम्यान, सरासरी रेटा 6 न्यूटन आणि इंधन संपल्यानंतर 5 सेकंदांनी पॅराशूट. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या (हवेचा रेटा जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे निदान नळीच्या एका व्यासाइतका असावा म्हणून भाच्याने नाकात मातीचा गोळा भरला होता. मुलांनी 64 अंश कोन वाचला, म्हणजे उंची दोनशे मीटरांच्या थोडी वर. आम्ही पॅराशूटच्या मध्याला रुपयाएवढे भोक पाडले होते, त्याने उतरण्याचा वेग वाढतो आणि वाहत जाणे कमी होते. रॉकेट मंचापासून साठ-सत्तर पावलांवर उतरले. ते हातात घेताना भाचा काहीच बोलला नाही, आणि मीही बोलले नाही.

साडेदहाला दुसरे उड्डाण करण्याचा मोह मी आवरायला हवा होता. वारा फिरला होता, रॉकेट पूर्वेला वाहत गेले आणि काजूच्या बागेमागे दिसेनासे झाले. शोधायला जाताना तीन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली म्हणजे जुन्या चिरेखाणी. त्यांच्या कडा उभ्या असतात आणि गवतातून शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत, म्हणून वर पाहत कधीही धावू नये. दुसरी म्हणजे फुरसे हा विषारी साप. रत्नागिरीच्या सड्यांवर ते दगडांच्या सांदीत सर्वत्र असते, त्यामुळे घोट्यापर्यंतचे बूट घालावेत, काठीने गवत हलवावे आणि दगडाखाली हात घालू नये. सर्पदंशावरचे प्रतिविष असलेले सर्वांत जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. तिसरी गोष्ट दिशेची. जांभ्यात लोह पुष्कळ असते, आणि याच राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे येथील कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते हे प्रसिद्ध आहे. म्हणून रॉकेट नाहीसे होताना त्याच्या रेषेत दूरचे माडाचे झाड किंवा देवळाचा कळस हेरावा आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून दोघांनी अशी खूण धरावी. कातळशिल्पांचा उल्लेख आलाच आहे तर सांगते की कोकणातली कातळशिल्पे 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत आणि कशेळीचा प्रचंड हत्ती येथून जवळ आहे. मंच मांडण्यापूर्वी आपल्या सड्यावर अशी शिल्पे नाहीत ना, हे गावकऱ्यांना विचारून आणि सकाळच्या तिरप्या उन्हात स्वतः फिरून पाहावे. जळका डाग कातळावरून जात नाही.

दुपारचे जेवण गावातल्या बायकांनी केले होते: उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि सोलकढी. सड्यावर सावली नाही, म्हणून ताडपत्री आणि माणशी चार लिटर पाणी हवेच.

आमचे रॉकेट त्या दिवशी सापडले नाही. बागेत शिरण्यापूर्वी आम्ही मालकांची परवानगी घेतली होती, आणि मोहोर झडू नये म्हणून कोणतीही फांदी हलवली नाही. निघताना काकांकडे आमचा फोन क्रमांक देऊन ठेवला. तोच क्रमांक रॉकेटाच्या नळीवर पक्क्या शाईने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावलेली होती, आणि ही काळजी प्रत्येकाने घ्यावी. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात काजू वेचणाऱ्या एका ताईंचा फोन आला. पॅराशूट फाटले होते, एक पंख गेला होता, नळी दंवाने मऊ पडली होती, पण आकडे वाचता येत होते.