आमची वाटचाल: लडाखच्या गाड्यांपासून लोफोटेनच्या रस्त्यापर्यंत

आमचा सहलींचा धंदा सुरू झाला तो लेह-लडाख आणि स्पितीच्या गाड्यांवर. कोथरूडमध्ये एक गाळा, दोन टेबलं, भिंतीवर हिमाचलचा नकाशा. नवरा गाड्या आणि रस्त्यांचं बघायचा, मी मुक्काम आणि हिशेब. युरोपचा विचार आमच्या डोक्यातही नव्हता, तो आणला आमच्याच गिऱ्हाइकांनी. पुण्या-नाशकातली, कोल्हापूरची मुलं नोकरीसाठी स्टॉकहोम, गोथेनबर्ग, कोपनहेगनला गेली. आईवडील उन्हाळ्यात त्यांच्याकडे जायला लागले आणि मग फोन यायचा, "तुम्ही आम्हाला लडाख दाखवलंत, आता नॉर्वेचंही तुम्हीच बघा. बसमध्ये पन्नास जणांबरोबर नाही जायचं. गाडी आम्हीच चालवू, वेळही आमचा."

आम्ही आधी स्वतः गेलो. कोपनहेगनला गाडी घेतली, ओरेसुंदचा पूल ओलांडून स्वीडनमध्ये उतरलो आणि नॉर्वेच्या किनाऱ्याने वर सरकत राहिलो. २००० साली खुला झालेला ओरेसुंदचा तो सोळा किलोमीटरचा रस्ता आधी समुद्राखालच्या बोगद्यातून जातो, मग एका कृत्रिम बेटावरून, मग पुलावर चढतो. पलीकडे पोचलात की देश बदललेला असतो. परत आल्यावर नकाशा बदलला, गाळा तोच राहिला.

आमचं नेमकं काम काय, असं कुणी विचारलं तर मी सांगते: खोडायचं. प्रत्येक कुटुंब यादी घेऊन येतं. कोपनहेगन, ऑस्लो, बर्गन, गायरांगर, लोफोटेनची बेटं, नॉर्वेच्या उत्तर टोकाचं नॉर्डकॅप, सांताक्लॉजचं रोवानिएमी, शेवटी हेलसिंकी, आणि हे सगळं बारा दिवसांत. घरातल्या हुशार मुलाने मोबाइलवर अंतरं मोजलेली असतात, आणि कागदावर ती जमतातही. रस्त्यावर जमत नाहीत. ऑस्लो ते बर्गन साडेचारशेच्या वर किलोमीटर, पण सात तास धरायचेच. ट्रॉन्हाइम ते बोडो हे अंतर साधारण आपल्या समृद्धीएवढं, सातशे. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, सरळसोट रस्ता आहे. तिथे ई-६ महामार्ग बराचसा दुपदरी, गावाबाहेर सर्वसाधारण मर्यादा ८०, वस्तीत ५०, आणि पुढे ट्रेलर आला की वाट बघायची. दंड इतके जबर की घाई करण्यात अर्थ नाही. गाडीत सत्तरीचे आजोबा आणि सहा वर्षांची नात असेल तर ते दोन दिवस आहेत. आम्ही मध्ये मो-इ-राना किंवा मोशोएनला मुक्काम टाकतो. दुसऱ्या दिवशी साल्टफ्येलच्या पठारावर आर्क्टिक वृत्त ओलांडताना मग सगळे जागे असतात.

पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट असते. रस्ता थेट पाण्यापर्यंत जातो आणि संपतो. पुढचा तुकडा म्हणजे फेरीबोट. तीही रस्त्याचाच भाग धरायची, रांगेत थांबायचं, गाडी बोटीत चढवायची. म्हणून आमच्या कागदावर किलोमीटरचा रकानाच नाही. तास, फेरीबोटी आणि थांबे, एवढंच लिहितो. काही जणांना वाटतं आम्ही कमी दाखवतो आहोत. आम्ही बारा दिवसांना दोनच देश सुचवतो, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड असे चारही हवे असतील तर तीन आठवडे काढा म्हणतो. त्यामुळे काही कामं हातची गेली, ती जाऊ दिली.

उजेडाचं गणित तर त्याहून अवघड. नॉर्डकॅपला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. आपल्याला अंधार पडला की थांबायची सवय. तिथे अंधारच पडत नाही, तेव्हा लोक गाडी हाकतच राहतात आणि रात्री अकराला लख्ख उजेडात चालकाचे डोळे मिटायला लागतात. म्हणून संध्याकाळी सहाला गाडी उभी, हा आमचा नियम. प्रत्येक कुटुंबाला आम्ही एक लॅमिनेट केलेलं कार्ड देतो, ते गाडीच्या आरशामागे खोचायचं. त्यावर सहाचा नियम सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. त्याखाली: दिवसाही हेडलाइट चालू. दारू पिऊन गाडी नाही, नॉर्वे-स्वीडनमध्ये रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०२ टक्के, म्हणजे एक बिअरही नको. रेनडिअर दिसलं की थांबा, एकामागे दुसरं असतंच. धडक बसलीच तर पोलिसांना कळवल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण उत्तरेतला रेनडिअर मोकाट दिसला तरी कुणा ना कुणा पाळणाऱ्याच्या मालकीचा असतो. शेवटी आणीबाणीचे नंबर. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडमध्ये सगळ्याला ११२, नॉर्वेत मात्र रुग्णवाहिकेला ११३.

उजव्या बाजूने गाडी चालवायची भीती सगळ्यांनाच वाटते. मी त्यांना स्वीडनचं उदाहरण देते. १९६७ च्या ३ सप्टेंबरपर्यंत तो देशही डाव्या बाजूनेच चालत होता, एका पहाटे सगळ्या देशाने बाजू बदलली. तुम्हालाही जमेल. फक्त विमानातून उतरल्या दिवशी गाडी घ्यायची नाही. झोप काढायची, दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावरूनच गाडी घ्यायची, म्हणजे शहरातल्या ट्राम आणि सायकलींशी गाठ पडत नाही. गाडी ऑटोमॅटिकच. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभर चालतो, तो आम्ही निघण्याच्या महिनाभर आधी काढून घ्यायला लावतो. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडली तर भाड्यावर मोठी रक्कम चढते, म्हणून मार्ग शक्यतो गोल आखतो.

व्हिसाचं काम माझं. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन या सामायिक व्हिसाच्या गटात आहे, त्यामुळे चारही देशांना एकच व्हिसा पुरतो. अर्ज मात्र जिथे जास्त रात्री त्या देशाकडे करायचा, आणि रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्या देशाकडे. मार्ग ठरल्याशिवाय अर्ज भरता येत नाही तो यासाठी. मुक्काम एका देशातून दुसऱ्यात सरकवला की सगळे कागद पुन्हा तपासावे लागतात.

आणि जेवण. हा विषय आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ खातो, आणि मला तो मनापासून आवडतो. तिथे हॉटेलात रोज जेवायचं तर खिसा रिकामा होतो आणि शाकाहारी माणूस तिसऱ्या दिवशी बटाट्याला कंटाळतो. आम्ही शक्य तिथे स्वयंपाकघर असलेल्या केबिन घेतो. नॉर्वेत त्यांना 'हिट्टे' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी चादरी वेगळ्या भाड्याने घ्याव्या लागतात, तेही आधी सांगतो. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, पोहे, कोरडी चटणी बॅगेत भरा. पण साजूक तूप, पेढे, खवा नाही. युरोपीय संघाबाहेरून दूधदुभतं आणि मांस नेता येत नाही, कस्टमवाले काढून फेकून देतात. कढीपत्त्याची ताजी पानं, आंबेही प्रमाणपत्राशिवाय नाही. नारळ मात्र चालतो! आजींच्या हाताने कढवलेलं तूप विमानतळावर कचऱ्यात जाताना बघणं फार वाईट, म्हणून मी प्रत्येक घरी फोन करून थेट आजींशीच बोलते. तिथलं लोणी उत्तम असतं, केबिनमध्ये अर्ध्या तासात तूप कढतं.

२०२० च्या मार्चमध्ये सीमा बंद झाल्या आणि धंदा एका आठवड्यात शून्यावर आला. आगाऊ भरलेले पैसे परत मिळवायला कित्येक महिने गेले. गाड्या भाड्याने देणाऱ्या एका कंपनीने तर शेवटपर्यंत दाद दिली नाही. गिऱ्हाइकांचे पैसे आम्ही आमच्या ठेवी मोडून परत केले. तेव्हाचे बहुतेक सगळे पुढे आमच्याबरोबरच गेले.

हिवाळ्याचं बोलायचं तर उत्तरप्रकाश बघायला सगळ्यांना जायचं असतं. जा, जरूर जा, पण बर्फावर कधी गाडी न चालवलेल्या माणसाला आम्ही जानेवारीत गाडी देत नाही. टायर कितीही चांगले असोत, गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक लावायचा हात तयार नसतो. त्यांना आम्ही एका गावी मुक्काम देतो, नॉर्वेतलं ट्रॉम्सो किंवा स्वीडनमधलं आबिस्को, आणि रात्रीची गाडी स्थानिक चालकाची. या बाबतीत नवरा माझ्याहून कडक आहे.

सध्या तो नॉर्वेच्या ईशान्य टोकाच्या वारांगर द्वीपकल्पाच्या मार्गावर काम करतो आहे. फिनलंडमधून इनारीवरून वर, आणि मग बॅरंट्स समुद्राच्या काठाने वार्डो या बेटावरच्या गावापर्यंत. त्या बेटावर जायला नॉर्वेचा समुद्राखालचा पहिला रस्ता-बोगदा आहे, १९८३ साली अधिकृतपणे खुला झालेला. पेट्रोल पंप दूर दूर आहेत, मुक्कामाच्या जागा थोड्या, आणि फिनलंडचं घड्याळ नॉर्वेच्या एक तास पुढे असल्याने सीमेवर दुकानांच्या वेळा चुकतात. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तो रस्ता चालवून येणार आहोत. तोवर कुणी कितीही आग्रह केला तरी वार्डो आमच्या यादीत येणार नाही.