प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट स्वस्तात कसं फिरायचं

युरोपला पहिल्यांदा निघालेला प्रत्येक जण मला आधी हेच विचारतो, युरेल पास (एकाच पासवर युरोपातल्या बऱ्याच देशांच्या ट्रेन्स) घेऊ का? माझं स्पष्ट मत आहे, तीन-चारच शहरं बघायची असतील आणि तारखा ठरलेल्या असतील (आपल्या ठरलेल्याच असतात, शेंगेन व्हिसाच्या फाइलला हॉटेल बुकिंग जोडावंच लागतं) तर पास नको, सुटी तिकिटं काढा. पास वसूल व्हायला बरंच फिरावं लागतं, आणि फ्रान्स, इटली, स्पेनच्या फास्ट ट्रेन्सना पास असला तरी रिझर्वेशनचे पैसे वेगळे पडतात.

नवीन माणसाला मी प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट हाच रूट सांगते, कारण अंतरं कमी आहेत आणि स्टेशनं शहरातच आहेत. प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन. इथे विमान बघूच नका. उडायला तासभर लागत असेल, पण एअरपोर्टला जा, दोन तास आधी पोचा, सिक्युरिटी करा, उतरल्यावर पुन्हा शहरात या, यात अर्धा दिवस जातो आणि एअरपोर्टच्या बसचे पैसे दोन्हीकडे जातात ते वेगळेच. शिवाय स्वस्त एअरलाइन्सच्या मूळ तिकिटात सीटखाली मावेल एवढीच बॅग नेता येते, आणि आपल्या बॅगेत जॅकेटं, चिवडा, औषधं, सगळंच असतं. पॅरिस बोव्हे एअरपोर्टच्या नावात पॅरिस आहे पण ते शहरापासून जवळपास 85 किमी लांब आहे. म्हणून मी हिशोब नेहमी हॉटेलच्या दारापासून पुढच्या हॉटेलच्या दारापर्यंत करते, नुसत्या तिकिटाचा नाही.

प्राग ते व्हिएन्ना रेजिओजेट कंपनीच्या पिवळ्या ट्रेन्स आहेत, त्या मला मनापासून आवडतात. त्यांच्या तिकिटातच सीट नंबर येतो, स्टँडर्ड क्लासला अटेंडंट जागेवर कॉफी आणून देतात आणि तिचे पैसे घेत नाहीत. दुसरा पर्याय रेलजेट, ही फास्ट ट्रेन. ऑस्ट्रियन रेल्वेची म्हणजे ओबीबीची श्पारशीने नावाची स्वस्त तिकिटं असतात, लवकर काढली तर खूप फरक पडतो, पण ती त्याच ट्रेनला चालतात आणि रद्द केली तर पैसे परत नाहीत. आणि यात सीट धरलेली नसते! सीट हवी तर थोडे युरो जास्त भरून वेगळी घ्यायची. नाही घेतली तरी उभं राहावं लागतंच असं नाही, प्रत्येक सीटच्या वर छोटा डिस्प्ले असतो, त्यावर ती कुठून कुठपर्यंत बुक आहे ते दिसतं. समजा ब्र्नो (वाटेतलं शहर) ते व्हिएन्ना लिहिलंय आणि तुम्ही प्रागला चढलात, तर ब्र्नोपर्यंत बिनधास्त बसा. आईबाबा बरोबर असतील तर मात्र सीट घ्याच, मोठ्या बॅगा घेऊन डब्यातून डब्यात फिरायला लावू नका त्यांना.

बुडापेस्टला रेलजेट आधी केलेनफोल्ड स्टेशनला थांबते, मग केलेटी स्टेशनला. तुमचं हॉटेल कुठे आहे ते आधीच बघून ठेवा, दोन्हींच्या मधे एम4 मेट्रो आहे.

बस सगळ्यात स्वस्त, फ्लिक्सबस किंवा रेजिओजेटचीच. प्रागमध्ये फ्लोरेन्क बस स्टेशन मध्यवर्ती आहे, व्हिएन्नात बऱ्याच बसेस एर्डबर्गला लागतात, तिथे यू3 मेट्रो मिळते. रात्रीच्या बसने हॉटेलची एक रात्र वाचते हे खरंय, पण झोप होत नाही आणि सकाळी सहाला पोचून चेक-इनपर्यंत करायचं काय? तरुण मुलांनी खुशाल जावं, घरच्यांना घेऊन नको. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका, शेंगेनमध्ये (म्हणजे आपसांतल्या सीमांवर सहसा तपासणी नसलेल्या देशांत) असलो तरी बॉर्डरवर पोलीस बसमध्ये चढून तपासू शकतात, जर्मनीने तर सप्टेंबर 2024 पासून आपल्या सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली.

जर्मनीत जास्त दिवस राहणार असाल तर डॉइचलँड तिकीट बघा, जानेवारी 2026 पासून महिन्याला 63 युरो आहे. लोकल आणि रिजनल गाड्यांना चालतं, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना नाही, पण म्युनिकहून थेट ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गपर्यंत जाता येतं. हे सबस्क्रिप्शन असतं, दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कॅन्सल केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापतात, तेव्हा मोबाइलवर रिमाइंडर लावून ठेवा.

व्हिएन्नात एक दिवस मोकळा असला तर स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा करून या, तासाभराची ट्रेन, सकाळी जाऊन संध्याकाळी परत.